जुने नकाशे गेमच्या टेबलावर कसे आणायचे: कॉपीराइट बघण्यापासून प्रिंट काढेपर्यंत

डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) सारख्या टेबलावरच्या गोष्टीच्या गेममध्ये नवीन डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा, झालात की पहिल्या आठवड्यातच प्रश्न पडतो, नकाशा कुठून आणू. तयार बॅटलमॅप (मारामारीच्या जागेचे चौकोन पाडलेले नकाशे) नेटवर ढिगाने पडलेत पण सगळे एकाच छापाचे, दगडी भिंती, मशाली, मधोमध एक टॅव्हर्न. मला सोळाव्या शतकातल्या गोव्यात कॅम्पेन, म्हणजे बरेच दिवस चालणारी एक सलग गोष्ट, चालवायचं होतं आणि तसा नकाशा कोणीच बनवलेला नव्हता, मग जुने खरे नकाशे शोधायला लागलो आणि त्यात एवढा रमलो की आता गेमची तयारी म्हणजे आधी नकाशा आणि मग गोष्ट असंच झालंय. पण सुरुवातीला लायसन्स, स्केल, डीपीआय (एका इंचात किती ठिपके), प्रिंट या सगळ्यात खूप वेळ वाया गेला. तो तुमचा जाऊ नये म्हणून हे सगळं क्रमाने लिहून काढतोय.

एक गोष्ट आधीच सांगतो कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. जुन्या नकाशावर थेट ग्रिड (चौकोनांची जाळी) टाकून तो टेबलावर पसरायचा नाही. एका नकाशातून दोन नकाशे काढायचे. एक खेळाडूंचा, म्हणजे जुना नकाशा जसाच्या तसा, त्याच्या चुका आणि डागांसकट. दुसरा तुमचा, त्यावरून नव्याने काढलेला, मोजमाप असलेला. खेळाडूंच्या हातातला कागद काय म्हणतो आणि तिथे गेल्यावर खरं काय निघतं, या दोन्हीतल्या अंतरातच खेळाची निम्मी मजा आहे.

काय काय लागेल

- लॅपटॉप, शक्यतो ८ जीबी रॅमचा. मोठं स्कॅन उघडताना त्याच्याखालचा अडकतो.
- गिंप किंवा क्रिटा (दोन्ही फुकट), आणि रेषा काढायला इंकस्केप (तेही फुकट)
- ऑनलाइन खेळणार असाल तर रोल२०, फाउंड्री किंवा औलबेअर रोडिओ (नकाशा टाकून ऑनलाइन खेळायची टेबलं)
- फूटपट्टी, पेन्सिल, ट्रेसिंग पेपर. हो, अजूनही लागतात.
- एक वही किंवा एक्सेल शीट, नकाशा कुठून घेतला आणि लायसन्स काय होतं ते लिहून ठेवायला. ही वही पहिल्या दिवसापासून ठेवा. सहा महिन्यांनी तीच फाइल परत शोधायला बसलात की तिची किंमत कळते.

१. आधी ठरवा, कसला नकाशा हवाय

जुने नकाशे ढोबळमानाने तीन प्रकारचे धरा आणि प्रत्येकाचा उपयोग वेगळा.

पहिला प्रकार म्हणजे पक्ष्याच्या नजरेतून काढलेलं शहर. उदाहरणार्थ लिन्स्होटेनचा गोव्याचा नकाशा. हा डच माणूस १५८३ मध्ये आर्चबिशपचा सेक्रेटरी म्हणून गोव्यात आला, पाचेक वर्षं राहिला, आणि त्याच्या प्रवासवर्णनात १५९६ मध्ये हा नकाशा छापून आला. घरं, चर्चं, रस्ते, मांडवीतली जहाजं, सगळं चित्रासारखं. मथळ्यातच पोर्तुगीजमध्ये लिहिलंय की हे शहर उत्तरेला १५ अंशांवर आहे.

दुसरा, मोजणी करून काढलेला मुलुखाचा नकाशा. सर्व्हे ऑफ इंडियाचे एक इंच म्हणजे एक मैल वाले जुने नकाशे, किंवा अमेरिकन लष्कराने १९५० च्या दशकात काढलेली भारताची यू५०२ मालिका, स्केल १:२,५०,०००. ही मालिका टेक्सास विद्यापीठाच्या लायब्ररीने स्कॅन करून नेटवर ठेवलीये. जंगल, घाट, नद्या, गावं हवी असतील, हेक्सक्रॉल (मुलुखावर हेक्स म्हणजे षटकोनी घरं पाडून घराघराने फिरायचा खेळ) करायचा असेल, तर हा प्रकार.

तिसरा, इमारतीइमारतींचा प्लॅन. यात सगळ्यात भारी म्हणजे अमेरिकेतले सॅनबॉर्न कंपनीचे आगीच्या विम्याचे नकाशे. विमा कंपन्यांना कुठली इमारत कशाची आहे ते कळायला हवं म्हणून रंग ठरलेले: गुलाबी म्हणजे विटांची, पिवळी म्हणजे लाकडी, निळी म्हणजे दगडी, करडी म्हणजे लोखंडी पत्र्याची. १९२० च्या दशकातला हॉरर गेम चालवत असाल तर याच्यापेक्षा चांगलं काही नाही, कारण पार्टीतल्या (खेळाडूंच्या पात्रांच्या टोळीतल्या) कोणी आग लावायची ठरवली तर कुठलं घर आधी पेटेल हे नकाशाच सांगतो.

प्रकार चुकला की पुढे सगळं चुकतं. चित्रातल्या शहरावर पाच फुटांचे चौकोन पाडायला जाऊ नका, मी पहिल्यांदा नेमकं तेच केलं आणि दोन रविवार घालवले. का ते चौथ्या पायरीत येईल.

२. शोधायचं कुठे

लायब्ररी ऑफ काँग्रेस (सॅनबॉर्नचा मोठा साठा इथेच आहे), विकिमीडिया कॉमन्स, नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंड, स्टॅनफर्डमधलं डेव्हिड रम्सी कलेक्शन, फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं गॅलिका. एकाच जागी सगळीकडे शोधायचं असेल तर ओल्ड मॅप्स ऑनलाइन, तिथे आजच्या नकाशावर झूम करत गेलात की त्या भागाचे जुने नकाशे बाजूला दिसतात.

सर्च करताना जुनी स्पेलिंग टाका. पुण्याचं पूना, ठाण्याचं टॅना, वसईचं बसीन. आजची नावं टाकून काही सापडत नाही आणि माणूस समजतो नकाशाच नाही.

आणि नुसता नकाशा घेऊन थांबू नका, त्याच्या जोडीला मजकूर घ्या. आपल्याकडे बॉम्बे प्रेसिडेन्सीचे जुने गॅझेटिअर (जिल्ह्याजिल्ह्याच्या माहितीचे सरकारी ग्रंथ) आहेत, कॅम्पबेलने संपादित केलेले, रत्नागिरीचं १८८०, ठाण्याचं १८८२, पुण्याचं १८८५. किल्ला, बाजार, देवळं, घाट, कुठल्या पेठेत कोण राहतं, सगळं तपशिलात. नकाशावर एक टिंब असतं आणि गॅझेटिअरमध्ये त्या टिंबावर पान दीड पान असतं. एनपीसी (डीएम चालवतो ती पात्रं), अफवा, छोट्या क्वेस्ट, माझं सगळं तिथूनच येतं.

३. लायसन्स नीट वाचा, इथे सगळ्यात जास्त लोक फसतात

दोन गोष्टी वेगळ्या आहेत. नकाशाचा कॉपीराइट संपलाय का, आणि ज्या साइटवरून स्कॅन घेताय तिच्या अटी काय.

पहिलं बघू. भारतात नकाशा हा कलाकृती धरला जातो, काढणारा वारल्यानंतर ६० वर्षं कॉपीराइट चालतो, आणि सरकारी असेल तर प्रकाशनानंतर ६० वर्षं, मोजायचं पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून. अमेरिकेत जुन्या छापील गोष्टींना प्रकाशनापासून ९५ वर्षं, त्यामुळे निदान १९२९ पर्यंत छापलेलं सगळं तिकडे मोकळं झालंय. अमेरिकेच्या केंद्र सरकारने केलेल्या कामाला तिथे कॉपीराइटच नसतो, म्हणून ती लष्कराची मालिका वापरायला बरी पडते.

आता दुसरं. नकाशा १५९६ चा असला तरी साइट म्हणू शकते की आमचं स्कॅन विकायच्या कामाला वापरू नका. रम्सी कलेक्शनच्या बऱ्याच चित्रांवर बिनव्यावसायिक क्रिएटिव्ह कॉमन्स लायसन्स असतं, गॅलिका व्यावसायिक वापरासाठी पैसे मागतं. अमेरिकेत १९९९ च्या ब्रिजमन विरुद्ध कोरेल खटल्यात कोर्टाने म्हटलं की सपाट जुन्या चित्राच्या हुबेहूब फोटोला नवा कॉपीराइट मिळत नाही, पण तो तिकडचा निकाल आहे, आणि साइटच्या अटी तुम्ही मान्य केल्यात हा मुद्दा उरतोच.

घरी चार मित्रांसोबत खेळताय तर यातलं काहीच आड येत नाही. पण होमब्रू (स्वतः रचलेलं) अ‍ॅडव्हेंचर पीडीएफ करून विकायचा विचार डोक्यात असेल, अगदी पन्नास रुपयाला का होईना, तर सुरुवातीपासूनच पब्लिक डोमेन (कोणाचाच कॉपीराइट नाही) असं स्पष्ट लिहिलेली प्रत शोधा. एकच नकाशा चार साइटवर असतो, अटी चार वेगळ्या असतात. माझ्या एका मित्राने छान पुस्तिका तयार केली, लेआउट वगैरे सगळं झालं, आणि शेवटच्या दिवशी कळलं की स्कॅन बिनव्यावसायिक आहे. मोकळी प्रत मिळाली पण तिचा क्रॉप वेगळा, त्यामुळे सगळी लेबलं परत बसवावी लागली.

आणखी एक, हे भारतातल्यांसाठी. आजच्या भारताची बाहेरची सीमा दाखवणारा नकाशा छापणार असाल तर तो सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशी जुळायलाच हवा, १९६१ च्या कायद्यात त्याला शिक्षा आहे. म्हणून मी गेमसाठी नेहमी छोटा भाग घेतो, एखादं बेट, एखादा तालुका, एखादं खोरं. तसंही खेळायला तेवढंच लागतं.

४. स्केल काढा

डाउनलोड करताना सगळ्यात मोठी फाइल घ्या, आणि उघडल्या उघडल्या हवा तेवढा भाग कापून वेगळा सेव्ह करा, मूळ फाइलला हात लावू नका.

मोजणीचा नकाशा: फाइलच्या डीपीआयवर विश्वास ठेवू नका, तो आकडा बऱ्याचदा उगाच टाकलेला असतो. नकाशाच्या खाली छापलेली स्केलची पट्टी असते ती पिक्सेलमध्ये मोजा. स्कॅन खरोखर ३०० डीपीआयचं असेल तर १:२,५०,००० वर ६ मैलांचा हेक्स साधारण ४५६ पिक्सेलचा येतो, एवढं ताडून बघायला ठेवा.

पण इथे माझं एक ठाम मत आहे. ६ मैलांचा हेक्स हा सपाट मैदानासाठी आहे, सह्याद्रीसाठी नाही. खंडाळ्याचा कडा उतरून खाली खोपोली, हे सगळं एका हेक्सात मावतं! वर थंडी आणि धुकं, खाली दमट भातखाचरं, मधे घाट आणि त्यातली चौकी, आणि तुम्ही म्हणणार पार्टीने एक हेक्स पार केला. नाही चालत. मी कोसाचा हेक्स घेतो. कोसाची लांबी मुलखागणिक बदलायची पण दोन मैल धरलं तर चालून जातं, आणि त्याच स्कॅनवर तो १५२ पिक्सेलच्या आसपास येतो. चढण असेल तर एका हेक्साला दुप्पट वेळ. खेळाडूंना पण "गाव तीन कोसांवर आहे" हे लगेच कळतं, मैल ऐकून कोणाला काही वाटत नाही.

इमारतींचा प्लॅन: सॅनबॉर्नचं नेहमीचं स्केल १ इंच म्हणजे ५० फूट. डी अँड डी मध्ये एक चौकोन ५ फुटांचा, म्हणजे मूळ कागदावर इंचाचा दहावा भाग, आणि ३०० डीपीआयच्या स्कॅनवर फक्त ३० पिक्सेल. रोल२० ला एका चौकोनाला ७० पिक्सेल लागतात, फाउंड्रीला साधारण १००. आणि मिनिएचर (पात्रांच्या छोट्या मूर्ती) ठेवायला इंचाचा चौकोन हवा म्हणजे दहापट मोठं करायचं. एवढं ताणलं की रेषा भुरकट होतात. म्हणून याला एकच उपाय, इंकस्केपमध्ये स्कॅन खाली ठेवायचं आणि वर भिंती नव्याने ओढायच्या. एका इमारतीला अर्धा तास लागतो, जास्त नाही.

एआयने मोठं करणारी टूल्स वापरून बघितली असतील तर माहीतच असेल, भिंती ठीक येतात पण अक्षरांचं वाट्टेल ते होतं, वाचताच येत नाहीत. लेबलं असलेल्या भागाला ती लावू नका.

चित्रातलं शहर: इथे एकसारखं स्केल नसतंच. चित्रकाराने महत्त्वाच्या इमारती मोठ्या काढलेल्या असतात, रस्ते दिसावेत म्हणून रुंद केलेले असतात. अंदाज हवाच असेल तर आजही उभ्या असलेल्या दोन जागा शोधा. जुन्या गोव्यातलं रोझरीचं चर्च १५४० च्या दशकातलं, म्हणजे लिन्स्होटेन आला तेव्हा ते होतं. ते आणि तशीच दुसरी एखादी जागा, फोनच्या मॅपवर दोघांतलं अंतर मोजा, नकाशावरचे पिक्सेल मोजा, भागाकार करा. मग तिसऱ्या जागेशी ताडून बघा, आकडा जुळणार नाही, आणि तेव्हा कळेल की ग्रिड का टाकायचा नाही.

ग्रिडऐवजी ठिकाणं आणि वाटा काढा. गोदी, बाजार, मोठा रस्ता, चर्च, वेस, अशी बारा पंधरा टिंबं, त्यांना जोडणाऱ्या रेषा, आणि प्रत्येक रेषेवर वेळ: दहा मिनिटं, रात्री वीस. बस. पार्टीला शहरात फिरायला एवढंच लागतं. मारामारी झाली तर तेवढ्याच चौकाचा वेगळा बॅटलमॅप हाताने काढा.

आणि हो, वर म्हणजे उत्तरच असं धरू नका. आधी होकायंत्राचं चिन्ह शोधा.

५. नकाशा वाचा, सगळीच्या सगळी लेबलं

ही पायरी लोक गाळतात. गोव्याच्या कॅम्पेनच्या दुसऱ्याच सेशनला एका मैत्रिणीने गोदीजवळच्या एका लेबलवर बोट ठेवून विचारलं, "हे काय लिहिलंय? आपण इथे जाऊया ना." मी ते लेबल वाचलेलंच नव्हतं. मी काहीतरी गोलमाल सांगून वेळ मारून नेली, पण तिच्या चेहऱ्यावर दिसलं की तिला कळलंय, या कागदावरचं काही खरं आहे आणि काही नुसती सजावट. त्यानंतर तासभर कोणी नकाशाकडे बघितलं नाही.

तेव्हापासून मी प्रत्येक लेबलसाठी एक ओळ लिहून ठेवतो. मूळ शब्द, त्याचा अर्थ, आणि तिथे काय घडतंय. उदाहरणार्थ रुआ दिरेइता, म्हणजे सरळ रस्ता, शहरातला मुख्य रस्ता, इथे रोज सकाळी लिलाव चालायचा. माझी ओळ: "आज लिलावात एक पेटी आली आहे, मालक म्हणतो ती माझी नाहीच." पन्नास लेबलं असतील तर पन्नास ओळी, एक संध्याकाळ जाते आणि दहा सेशनचा माल तयार होतो.

नकाशावर काय नाही तेही बघा. बॉम जीझस चर्चचं बांधकाम १५९४ ला सुरू झालं, लिन्स्होटेन तेव्हा गोवा सोडून गेलेला होता, मग तुमचं कॅम्पेन १५९५ मधलं असेल तर नकाशावर जिथे ते नाही तिथे पार्टीला पाया खणताना मजूर दिसले पाहिजेत.

चुका तर सोनं आहेत. जेम्स रेनेल, ज्याने १७८२ मध्ये हिंदुस्थानचा प्रसिद्ध नकाशा छापला, त्यानेच १७९८ मध्ये पश्चिम आफ्रिकेच्या नकाशावर काँग नावाची लांबलचक डोंगररांग दाखवली. ती रांग तिथे नव्हतीच, आणि तरी जवळजवळ नव्वद वर्षं बाकीचे नकाशेवाले ती काढत राहिले. आता विचार करा, तुमच्या पार्टीच्या हातात असा नकाशा आहे आणि त्या डोंगरातून वाट काढायची मोहीम त्यांना मिळाली आहे. अशा चुका दुरुस्त करून खेळाडूंना देऊ नका, दुरुस्ती फक्त तुमच्या नकाशात.

६. कोणी काढला आणि कोणासाठी, हे टेबलावर बोला

हे नकाशे बहुतेक राज्य करायला आलेल्यांनी काढलेत. गोव्याच्या त्या लिलावात घोडे आणि कापड विकलं जायचं तशी माणसंही विकली जायची. १५६० पासून तिथे इन्क्विझिशन (चर्चचं धर्मन्यायालय) होतं. नकाशात हे सगळं सुंदर रेषांमागे झाकलं जातं. खेळायला बसण्याआधी सगळ्यांशी बोला, कुठल्या गोष्टी खेळात आणायच्या, कुठल्या नाही. आमच्यात एकाचं मूळ घर गोव्यातल्या तिसवाडीतलं, त्याने सांगितलं की धर्मांतराचा छळ सीन म्हणून खेळायचा नाही, आम्ही ते पाळलं. आणि नकाशावर नावं फक्त पोर्तुगीज असली तरी गावातली माणसं त्या जागेला काय म्हणत असतील ते तुमच्या नकाशात लिहा. मांडवी, दिवाडी, चोडण. स्थानिक एनपीसीने पोर्तुगीज नाव वापरलं की पार्टीला शंका यायला पाहिजे, हा कोणाचा माणूस.

७. साफ करा, लेबलं टाका

गिंपमध्ये लेव्हल्सने कागदाचा पिवळेपणा थोडा कमी करा, पूर्ण घालवू नका. घडीच्या रेषा राहू द्या. ग्रिड, तुमच्या खुणा, नवीन लेबलं, प्रत्येकाची वेगळी लेयर.

देवनागरी लेबलांसाठी मुक्ता आणि बालू हे फाँट फुकट आणि मोकळ्या लायसन्सचे आहेत. गुप्त चिठ्ठी मोडीत हवी असेल तर नोटो सॅन्स मोडी वापरा, आमच्यात एकाच्या आजीला मोडी येते, त्याने चिठ्ठी घरी नेली आणि पुढच्या रविवारी पूर्ण वाचून आणली.

एक सापळा: प्रिंटवाल्याकडे जाण्याआधी इंकस्केपमध्ये सगळी अक्षरं पाथमध्ये, म्हणजे नुसत्या रेषांच्या आकारांत, बदला. त्यांच्या कॉम्प्युटरवर तो फाँट नसतो आणि "रत्नागिरी"चा त् वेगळा न वेगळा होऊन येतो.

८. प्रिंट

फ्लेक्सवर छापू नका, स्वस्त पडतं पण ट्यूबलाइट चमकते आणि एका बाजूला बसलेल्यांना काही दिसत नाही. आर्किटेक्टची ड्रॉइंग छापणारं प्लॉटरचं दुकान शोधा, मॅट कागदावर काढून घ्या. हँडआउटसाठी ए३ वर एक्झिक्युटिव्ह बॉन्ड, त्याला थोडा खरखरीतपणा असतो, हातात घेतल्यावर जुना वाटतो. चहाच्या पाण्यात बुडवायचा असेल तर लेझर प्रिंटच घ्या, इंकजेटची शाई पसरते.

पीडीएफ देताना तोंडी सांगा, "फिट टू पेज नको, शंभर टक्क्यावर काढा." आणि पानाच्या कोपऱ्यात बरोबर एक इंचाची रेष काढून ठेवा. प्रिंट हातात आली की दुकानातच फूटपट्टी लावा. घरी आल्यावर कळलं तर मिनिएचर चौकोनात बसत नाही आणि परत पैसे जातात.

घरीच ए४ तुकड्यांवर काढत असाल तर प्रत्येक तुकड्याला अर्धा इंच जास्तीची कड ठेवा, मागून सेलोटेप लावा, पुढून नको.

९. टेबलावर

खेळाडूंना पेन्सिल द्या आणि नकाशावर लिहू द्या. माझ्या गोव्याच्या प्रतीवर आता तीन ठिकाणी फुल्या आहेत, एका विहिरीभोवती गोल आहे, आणि मांडवीत "इथे मगर (बहुतेक)" असं लिहिलंय. प्रत्येक सेशननंतर फोटो काढून ठेवा, आणि पुढच्या वेळी त्यांनी लिहिलेलं तुमच्या नकाशात उतरवा, बरोबर असो वा चूक.

१०. कोणाला पाठवणार असाल तर

नकाशाच्या तळाला एक ओळ टाका, मूळ नकाशा मोकळा असला तरी टाका. मी अशी टाकतो: "मूळ नकाशा: लिन्स्होटेन, गोवा बेट आणि शहर, १५९६. स्कॅन अमुक ग्रंथालयाचं, अमुक लायसन्स. ग्रिड, मराठी लेबलं आणि बदल माझे." बदल नेमके काय केले तेही दोन शब्दांत लिहा, विहीर मी टाकली, बोगदा मी टाकला. हे फार गरजेचं आहे कारण असे नकाशे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत फिरत कुठेही जातात, आणि उद्या कोणी शाळेतला मुलगा तुमचा काल्पनिक बोगदा खरा समजून जुन्या गोव्यात शोधायला जायला नको.